तुझं बाळ कसं आहे, लारबा?

मी एक जुनी लाकडी बाहुली आहे. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत आणि तोंडही नाही. तुमच्यापैकी कोणी मला वाटेत पडलेली पाहिली, तर मोडक्या मुसळाचा तुकडा समजून सरळ चुलीत घालाल. डोक्यावर मात्र कोरीव केसांचा उंच तुरा आहे, आणि त्याचा मला थोडा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. पश्चिम आफ्रिकेतल्या आमच्या याटेंगाच्या मोसी लोकांत मला कोणी बाहुली म्हणत नाही. ‘बाळ’ म्हणतात.

मला एका लोहाराने घडवले. आमच्याकडे लाकूडकामही लोहारच करतो. कुदळीच्या दांड्यातून उरलेला तुकडा त्याने फेकून न देता तासला, घासला, तापलेल्या सळईने त्यावर नक्षी काढली आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून म्हणाला, “पोरीला सांग, पाडू नको म्हणावं. आणि पडलीच, तर खऱ्या बाळाला उचलतात तशी उचल.”

ती पोर म्हणजे माझी पहिली आई. तिने मला पाठीला बांधून सारे बालपण काढले आणि पुढे आपल्या मुलीला दिले. त्या मुलीचे नाव तेने. तेने लग्न होऊन या घरी आली, तेव्हा कपड्यांच्या गाठोड्यात मीही आले. आमची तशी रीतच आहे, नवरी माहेराहून आपले बाळ घेऊन येते. तेनेला पहिली मुलगी झाली, तेव्हा सुइणीने आधी मला अंघोळ घातली, आधी मला तेनेच्या पाठीवर ठेवले आणि मग त्या मुलीला. पहिल्या दुधाचा पहिला थेंबही माझ्याच कपाळावर पडला. त्या मुलीचे नाव लारबा. म्हणजे हिशेबाने मी लारबाची थोरली बहीण. पण ती चालायला लागली आणि तेनेने मला तिच्या पाठीला बांधले, तशी मी तिची मुलगी झाले. नाते जरा गुंतागुंतीचे आहे, पण आम्हा दोघींना त्याची कधी अडचण वाटली नाही.

लारबाने मला फार छान सांभाळले. ती मला चिखलाचा सागबो भरवायची. तुम्ही बाजरीचे पीठ घट्ट शिजवून गोळा कराल, तसा आमचा सागबो असतो. वर पाल्याचे नाहीतर भेंडीचे कालवण. मी खाल्ले नाही की ओरडायची.

“गिळ की मुकाट्यानं! तुझ्या एकटीसाठी दुसरं कालवण करू का? बापाची लाडकी लागून गेलीस!”

पलीकडे कांडण करणारी तेने मुसळ थांबवून ऐकत राही. तो आवाज तिचाच होता, ते शब्दही तिचेच होते. मग त्या दिवशी लारबाच्या वाट्याला रागाऐवजी शेंगदाण्यांची मूठ यायची.

थंडीत आमच्याकडे वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटतो. सूर्य पिवळा पडतो आणि छपरे करकरतात. लारबाला त्याची फार भीती वाटे. पण ती मला छातीशी धरून सांगायची, “घाबरतंस कशाला? मी आहे ना.” आणि असे सांगता सांगता तिचीच भीती पळून जायची. मित्रांनो, मोठी माणसे म्हणतात, मुले खेळतात म्हणजे वेळ घालवतात. मी तीन मुलींच्या पाठीवर बसून पाहिले आहे, म्हणून छातीठोक सांगते, खेळताना मुले एवढी कामात असतात की त्यांना हाक ऐकू येत नाही.

आता झेर्बोबाईची ओळख करून देते, कारण तिच्यावाचून माझी गोष्ट पुढे सरकत नाही. झेर्बोबाई सामो जमातीची. दर बाजाराला सुकी मासळी आणि सुंबालाचे गोळे डोक्यावर घेऊन आमच्या गावी यायची. सुंबाला म्हणजे आंबवलेल्या बियांचा मसाला. त्याचा वास झेर्बोबाईच्या आधी घरात शिरायचा. मोसी आणि सामो यांचे थट्टेचे नाते आहे. तुमच्याकडे मेहुणा-मेहुणीत चालते, तशी थट्टा आमच्याकडे दोन अख्ख्या जमातींत चालते. काय वाटेल ते बोलावे, काय वाटेल ते मागावे. समोरच्याने फक्त रागवायचे नाही. रागावला तो हरला, आणि वर त्याच्या बापजाद्यांचीही अब्रू गेली.

“गुलामांनो, मालकीण आली! पाणी आणा!” असे ओरडतच ती अंगणात येई.

“आली बघा कुत्र्याचं डोकं खाणारी!” घरातून तालातो आत्याचा आवाज येई. “झाकून ठेवा गं कुत्री!” सामो कुत्र्याचे डोके आवडीने खातात, असे आम्ही मोसी त्यांना चिडवतो.

तालातो ही घरातल्या पुरुषांची आत्या, म्हणजे सुनांची आतेसासू. घरात शब्द तिचाच चाले. या दोघींची भांडणे ऐकायला शेजारणी कामे टाकून येत.

पण भांडण संपले की झेर्बोबाई लारबासमोर उकिडवी बसायची. तिचा चेहरा एकदम बदलायचा.

“तुझं बाळ कसं आहे, लारबा?”

यात थट्टा नसायची. आमच्याकडे शहाण्या बायका बाहुलीवाल्या मुलीला असेच विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतात. लारबा माझा ताप, खोकला, झोप, सगळे सांगायची. मग झेर्बोबाई मासळीचा एक तुकडा माझ्या नावाने देऊन जायची. तो कोण खात असे, हे सांगायला नको.

मग तेनेला मुलगा झाला. त्याचे नाव रासमा. तो मान धरू लागला, तसे त्याला लारबाच्या पाठीला बांधण्यात आले. तेनेला शेत होते, पाणी होते, कांडण होते, तिचा तरी काय दोष? लारबा सात वर्षांची होती. रासमा चांगला जाडजूड. ती वाकून चालायची आणि मला काखेत धरायची. सारखी म्हणायची, “थांब हं, आधी याला झोपवते, मग तुला घेते.” पण रासमा काही लवकर झोपायचा नाही.

त्याच वर्षी तेनेची धाकटी जाऊ मिनाता हिच्यावर आभाळ कोसळले. मिनाताचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. तिचा नवरा सिबिरी भला माणूस, पण आत्यापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. एके दिवशी शेंगा सोलता सोलता तालातो आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, “माहेराहून बाळ आणलं नाहीस, मग बाळ येणार कुठल्या वाटेनं? पीक निघालं की सिबिरीसाठी दुसरी बघते मी.”

खरे होते ते. मिनाता बाहुली न आणताच आली होती. ती शेंगा सोलत राहिली. संध्याकाळी मात्र ती तेनेच्या दारात येऊन उभी राहिली.

“अक्का, तुमचं बाळ मला द्या. त्याच्या पायगुणानं तुम्हाला दोन झाली.”

तेनेचा जीव कळवळला. तिने लारबाला हाक मारली.

“ते माझं आहे,” लारबा म्हणाली.

“तू आता मोठी झालीस. तुला पाठीवर खरं बाळ दिलंय ना?”

“हा माझा नाही, तुझा आहे. ते माझं आहे.”

“लारबा, उलट बोलू नको.”

लारबाने मला पुसले. आपल्या फाटक्या ओढणीत गुंडाळले आणि मिनाताच्या हातात देताना हळूच सांगितले, “काकू, त्याला पालथं झोपवू नको. खोकला आहे त्याला.”

मित्रांनो, मी लाकूड आहे. लाकडाला रडता येत नाही, हे किती बरे असते आणि किती वाईट, ते मला त्या संध्याकाळी समजले.

मिनाताने मला आपल्या झोपडीत नेले. लारबाची ओढणी सोडून तिने मला पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि मातीच्या मडक्यात उभे करून वर झाकण ठेवले. रोज सकाळी ती झाकण काढी, शिया नावाच्या झाडाच्या बियांचे लोणी वितळवून माझ्या डोक्यावर ओती, कपाळ जमिनीला टेकवी आणि काहीतरी पुटपुटे. पुन्हा झाकण. तिने मला कधी हातात घेतले नाही. तिला माझी भीती वाटायची! माझी, जिला लारबा चिखल भरवीत होती, जी एकदा शेळीच्या पायाखाली आली होती. मला ओरडून सांगावेसे वाटे, “अगं बाई, माझ्यात ना देव आहे ना भूत. मला उचल, कडेवर घे, रागाव, आपट. पण ही पूजा थांबव.” पण तोंड नव्हते ना.

मडक्यात अंधार होता. बाहेरचे ऐकू मात्र सगळे यायचे. आधी लारबाची हाक यायची. भिंतीच्या पलीकडे उभी राहून ती विचारायची, “झोपलंस का?” मग तेने ओरडायची, “लारबा, बाळ रडतंय!” पुढे पुढे हाक कमी झाली. मग आलीच नाही. अंगणात एक मूल होते आणि त्याचा आवाज नव्हता, असे दिवसामागून दिवस जाऊ लागले. धुळीच्या वाऱ्याचा महिना आला. मी सुकले, आणि एका पहाटे कानापासून छातीपर्यंत मला चीर गेली. एवढे लोणी ओतूनही चीर गेली. लाकडाला तेल लागते हे खरे, पण ते हाताने चोळावे लागते.

आणि मग तो दिवस आला.

तेने अंगणात शियाच्या बिया उकळत होती. लारबाने मक्याचे एक कणीस मिळवले होते. पुढचे मी नंतर ऐकलेल्या बोलण्यावरून सांगते. तिने रासमाला सावलीत बसवले, दोनच घटका, असे मनाशी म्हणत कणसाचे केस विंचरले, त्याला चिंधी गुंडाळली आणि ते पाठीला बांधले. तेवढ्यात रासमा रांगत चुलीकडे गेला.

त्याची किंकाळी मी मडक्यात ऐकली. तळहात भाजला होता. जीव वाचला, पण हाताला टरारून फोड आले. तेनेने लारबाला कधी मारले नव्हते. त्या दिवशी मारले. पाठीवरचे कणीस ओढून काढले आणि चुलीत टाकले.

“खेळायला सुचतंच कसं तुला? बाळ गेलं असतं माझं!”

लारबा रडली नाही. तिने रासमाला पुन्हा पाठीला बांधून घेतले. तेव्हापासून ती त्याला खाली ठेवेचना. जेवतानाही नाही. ‘पोर शहाणी झाली,’ असे तालातो आत्या सगळ्यांना कौतुकाने सांगू लागली. मला मडक्यात धडकी भरली.

पुढच्या बाजाराला झेर्बोबाई आली. त्या दिवशीचे बोलणे मी मडक्यातून ऐकले, न दिसलेले नंतर कानावर आले. मधे कितीतरी दिवस तिचा पाय दुखत होता, म्हणून ती आली नव्हती. नेहमीप्रमाणे मालकीण आली, कुत्री झाका, सगळे झाले. मग ती लारबासमोर बसली.

“तुझं बाळ कसं आहे, लारबा?”

“मेलं,” लारबा म्हणाली.

अंगणातली मुसळे थांबली.

“अगं, ही काय अभद्र बोलते!” तेने धावत आली. “तसं काही नाही मावशी, बाहुली मिनाताला दिली. तिला गरज होती.”

पण झेर्बोबाई ऐकायला जागेवर होती कुठे! तिने टोपली खाली ठेवली, डोक्याचा रुमाल फेकून दिला आणि अंगणाच्या मधोमध बसकण मारून गळा काढला. “अरे देवा! मोसींच्या घरात लेकरू गेलं आणि मला कोणी कळवलं नाही! गाढवांनो, माझ्याशिवाय मौत उरकता होय रे?”

मित्रांनो, इथे आमची एक रीत तुम्हाला सांगायलाच हवी. मोसीच्या मयताला सामो आला की तो मेलेल्या माणसाची नक्कल करतो, रडणाऱ्यांना हसवतो, आणि त्याचे समाधान होईपर्यंत प्रेत उचलू देत नाही. आणि त्याच्यावर रागावता येत नाही, मयताच्या दिवशी तर मुळीच नाही. झेर्बोबाईने तोच हक्क बजावला. ती चुलीसमोर आडवी झाली.

“प्रेत दाखवल्याशिवाय या घरात चूल पेटायची नाही!”

“अगं बये, लाकडाचं कसलं आलंय प्रेत?” तालातो आत्या म्हणाली. शेजारपाजारची माणसे जमू लागली होती.

“लाकूड आहे ते?”

“नाहीतर काय?”

“मग मडक्यात घालून त्याला लोणी कोण पाजतंय? सगळ्या गावाला माहीत आहे, मलाही बाजारात कळलं.” झेर्बोबाई उठून बसली. “हे बघ तालातो, एक काय ते सांग. लाकूड असेल तर पोरीला परत दे, लाकडानं कोणाला मुलं होत नसतात. आणि बाळ असेल तर मडक्यात का कोंडलंत? बाळाला कोणी मडक्यात ठेवतं? तुम्ही मोसी ठेवत असाल!”

लोक खो खो हसले. आत्याने ओठ चावले, पण रागवायची सोय नव्हती. सिबिरी भिंतीला टेकून उभा होता. तोही खाली मान घालून हसला, आणि आत्यासमोर तो हसलेला घरातल्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

मग झेर्बोबाईने माझी नक्कल सुरू केली. हात अंगाला घट्ट चिकटवले, ओठ आत दुमडले, डोक्यावर तुऱ्यासारखी मासळीची टोपली उभी ठेवली आणि टुणटुण उड्या मारत अंगणभर फिरली. मी अशी मुळीच चालत नाही. मी चालतच नाही. पण आधी रासमा हसला. आणि मग त्याच्या खालून, वाकलेल्या मानेतून, एक छोटेसे हसू आले. कितीतरी दिवसांनी मी लारबाचा आवाज ऐकला.

त्या हसण्यानेच मिनाता उठली असावी. तिने झाकण काढले नाही, अख्खे मडकेच उचलून अंगणात आणले. झेर्बोबाईने मला बाहेर काढले. उजेडात माझी चीर सगळ्यांना दिसली. कोणी हसेना.

“मी रोज लोणी घालत होते,” मिनाता म्हणाली. “एक दिवस चुकवला नाही.”

“पाठीला बांधलंस का कधी?”

“नाही.”

“जेवू घातलंस? रागावलीस?”

“मला येत नाही, मावशी.” आणि मिनाता मडक्याशेजारी मटकन खाली बसली. “मला खेळायला येत नाही. दुधाचे दात पडायच्या आधी मला शहरात मावशीकडे धाडलं, तिचं मूल सांभाळायला. ते मोठं झालं की दुसरं पाठीवर. मग तिसरं. बाहुली हातात घेतात कशी, ते मला ठाऊक नाही. म्हणून मी हिला हात लावत नव्हते. चुकलं तर?”

ती रडू लागली. थट्टेच्या मयतात खरे रडणे आले.

तेने लारबाकडे पाहत होती. वाकलेली पाठ, कमरेला काचलेली गाठ, तिच्यावर रासमाचे वजन. मग तिने मिनाताकडे पाहिले. दोघींत तिला एकच मुलगी दिसली असावी, पाठीवर दुसऱ्याचे मूल लादलेली, कारण तिने तोंडाला कापडाचे टोक लावले.

लारबाने झेर्बोबाईच्या हातून मला घेतले. मला हुंगले. चिरेवरून बोट फिरवले. “काकू, वाक,” ती म्हणाली. मिनाता वाकली. लारबाने मला तिच्या पाठीवर ठेवले, ओढणी फिरवली, गाठ मारली आणि वरून दोनदा थोपटले. “आता चाल. जोरात नाही. आणि काहीतरी बोलत राहा, नाहीतर ते घाबरतं.”

मिनाता अंगणात चार पावले चालली. “काय बोलू?”

“काहीही. कालवणात मीठ जास्त झालं म्हण.”

“कालवणात मीठ जास्त झालं,” मिनाता मला म्हणाली, आणि रडता रडता हसली. मग ती लारबापाशी परत आली. तिने मला सोडले आणि लारबाच्या पाठीवरची गाठही सोडली.

“तुझं तू घे,” ती म्हणाली. “हा गडी मला दे. खरी मुलं सांभाळायला येतात मला.”

रासमा काकूच्या पाठीवर गेला. तेने नाही म्हणाली नाही. लारबा ताठ उभी राहिली. इतके दिवस वाकून राहिल्यामुळे तिला जरा भोवंडल्यासारखे झाले.

मिनाताला पुढे मूल झाले का, असे तुम्ही विचाराल. नाही झाले. पीक निघाले आणि तालातो आत्याने बोलल्याप्रमाणे सिबिरीसाठी दुसरी आणलीच. त्या दिवशी मिनाताने दार लावून घेतले होते. रासमा बाहेर बसून ते बडवत होता, शेवटी तिला उघडावे लागले. तो आजही तिला आई म्हणतो आणि तेनेलाही आई म्हणतो. माझ्या येण्याने कोणाचे नशीब बदलले नाही, मित्रांनो. मी खेळणे आहे. मला मडक्यात ठेवू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका, माझ्यापुढे डोके टेकू नका. आणि एखादे मूल शहाणे झाले, खेळायचे थांबले, असे कोणी कौतुकाने सांगितले, तर आधी त्या मुलाच्या पाठीवर काय लादले आहे ते जाऊन पाहा.

माझी चीर अजून आहे. लारबा तिच्यात रोज लोणी चोळते, बोटाने. ती म्हणते, हा माझ्या पडण्याचा व्रण आहे. मी कधी पडले ते मला आठवत नाही, पण आईशी वाद कोण घालणार!

परवाच्या बाजाराला झेर्बोबाई आली. पाणी मागून झाले, शिव्या देऊन झाल्या. मग ती उकिडवी बसली.

“तुझं बाळ कसं आहे, लारबा?”

लारबाने मला पाठीवरून पुढे घेतले. कमरेवर हात ठेवला आणि तेनेसारखाच लांब सुस्कारा सोडला.

“काय सांगू मावशी! दात येतायत. डोळ्याला डोळा लागू देत नाही.”

मला तोंड नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितले आहे. पण मित्रांनो, खरे सांगते, त्या दिवशी माझ्या हिरड्या शिवशिवत होत्या.